मासेमारी कयाक

मासेमारी कयाक म्हणजे गळाने मासे पकडण्यासाठी वापरली जाणारी, बहुधा एकाच माणसाने चालवावयाची अरुंद होडी. तिच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. आर्क्टिक प्रदेशातील इनुइट व अल्यूत लोक लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून शिकारीसाठी अशा होड्या बनवीत. त्यांवरून आजचा कयाक विकसित झाला. सध्याचे कयाक बहुतांशी पॉलिएथिलीनचे, साच्यात एकसंध घडवलेले असतात.

निवड

बंदिस्त कयाकमध्ये पाय होडीच्या पोटात राहतात. उघड्या कयाकमध्ये माणूस वरच्या पृष्ठभागावर बसतो आणि आत आलेले पाणी तळाच्या छिद्रांतून निघून जाते. उलटल्यास उघड्या कयाकवर पुन्हा चढणे सोपे असल्याने मासेमारीसाठी तोच अधिक पसंत केला जातो.

लांब व अरुंद कयाक वेगाने आणि सरळ जातो. रुंद कयाक मंद, पण स्थिर असतो. मासेमारीच्या कयाकची लांबी साधारणतः ३ ते ४ मीटर, तर रुंदी ७५ ते ९० सेंटिमीटर असते. गळ टाकताना व मासा ओढताना भार एका बाजूला जातो, म्हणून रुंदीला महत्त्व अधिक. भारक्षमता पाहताना माणूस, साहित्य आणि मिळणारे मासे यांची बेरीज कमाल आकड्याच्या पुष्कळ खाली राहील, हे पाहावे.

मराठवाड्यातील जलाशय

धाराशिव जिल्ह्यातील मुरुमच्या परिसरात समुद्र नाही. येथील मासेमारी तलाव व धरणांवर चालते. माकणी येथील निम्न तेरणा प्रकल्प हा जिल्ह्यातील मोठा जलाशय. अशा ठिकाणी कयाकचे वजन निर्णायक ठरते. उन्हाळ्यात पाणी दूर हटते आणि मधला गाळ होडी उचलून ओलांडावा लागतो. विक्रेते लांबी आवर्जून सांगतात. वजन मात्र बहुधा विचारावे लागते. एकट्याला ३० किलोही जड वाटतात. पायडलवर चालणाऱ्या कयाकमध्ये हात मोकळे राहतात, परंतु पाणवनस्पती त्याच्या पात्यांत अडकतात. हवा भरण्याचा कयाक हलका असला, तरी बुडालेल्या बाभळींच्या काट्यांपुढे त्याचा निभाव लागणे कठीण.

गळाऐवजी जाळी लावणाऱ्या व्यावसायिक मच्छीमाराला कयाक अपुरा पडतो. त्याला जाळ्यांचा ढीग ठेवण्यास रुंद होडीच लागते. ती न परवडणारे अनेक जण थर्माकोलचा तराफा किंवा ट्यूब वापरतात. वाऱ्यात ही साधने सहज भरकटतात.

वारा हा मोकळ्या जलाशयावरील मुख्य धोका होय. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव–कळाशी मार्गावरील प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. ती बोट कयाकहून पुष्कळ मोठी होती. वैशाखातील दुपारनंतरच्या वादळात कोणताही कयाक सुरक्षित नसतो. जीवरक्षक जाकीट होडीत ठेवून भागत नाही, ते अंगात घातलेलेच असावे लागते.

राज्यातील बऱ्याच जलाशयांचे मासेमारीचे हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. त्यामुळे कयाक विकत घेण्यापूर्वी त्या तलावावर गळ टाकण्याची परवानगी मिळते का, याची चौकशी संस्थेकडे करावी लागते.