मोरवडच्या आरतीपासून आडव्या बाटलीपर्यंत

नंदुरबार म्हटले की शिरीषकुमार आठवतो. 9 सप्टेंबर 1942 रोजी तो आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले, हे महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. त्यानंतर सहा महिनेही झाले नव्हते, तोच 2 मार्च 1943 रोजी तळोदा तालुक्यातल्या रावलापाणीला जमलेल्या आदिवासींवर इंग्रज सरकारने गोळ्या झाडल्या. ही गोष्ट मात्र जिल्ह्याबाहेर फारशी कुणी ऐकलेली नसते. रावलापाणीला जमलेले लोक दारू सोडलेले होते. रोज अंघोळ करणारे, चोरी न करण्याची शपथ घेतलेले, आरतीला जमणारे. एरवी अशा प्रजेला सरकार शहाणी म्हणते. मग या शहाण्या प्रजेची धास्ती सरकारला का वाटावी?

उत्तरासाठी आणखी मागे, 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यापर्यंत जावे लागते. तोवर मोहाची दारू घरी गाळली जाई. देवाला तिची धार पडे, लग्नात ती वाटली जाई, मयतीला लागे. कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरवली आणि विक्रीचा मक्ता दिला. झाड दारातले, फुले आपण वेचलेली, आणि दारू मात्र मक्तेदाराच्या दुकानातून रोख नाहीतर उधारीवर घ्यायची! उधारी वाढली की सावकार, सावकारापाठोपाठ जमीन. तापीकाठची काळी कसदार जमीन भिल्लांच्या हातून गेली त्याला कारणे अनेक, पण गुत्ता आणि सावकाराची वही यांचा त्यात मोठा वाटा होता. दारू सोडणारा माणूस म्हणजे एकाच वेळी सरकारचा महसूल, मक्तेदाराचा धंदा आणि सावकाराचे कूळ कमी करणारा माणूस. खानदेशात आणि शेजारच्या गुजरातेत व्यसनमुक्तीला बंडाचा वास येत राहिला तो यामुळे.

पहिली मोठी लाट 1922 ची. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून निघालेली ‘देवी’ डांग आणि खानदेश ओलांडून सुरत जिल्ह्यात शिरली. कुणाच्या तरी अंगात येई आणि तिच्या तोंडून हुकूम सुटत: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, स्वच्छ राहा. पुढे त्यात गांधींचे नाव मिसळले. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या लाटेवर आख्खे पुस्तक लिहिले आहे, आणि त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की हिला बाहेरचा पुढारी नव्हता. निरोप गावाकडून गावाकडे चालत गेला. पुष्कळ ठिकाणी लाट ओसरली आणि माणसे पुन्हा प्यायला लागली, हेही खरे. पण आख्खे गाव एका दिवशी एक निर्णय घेऊ शकते, हे तेव्हा या भागाने पाहिले.

मग आले तळोद्याजवळच्या मोरवडचे गुलाम महाराज. कुणी त्यांना गुला महाराजही म्हणतात. 1937-38 च्या सुमारास त्यांनी आप धर्म उभा केला. शिकवण साधी: दारू नको, मांस नको, चोरी नको, भांडण नको, अंघोळ रोज, आरती सोमवारी. एकमेकांना भेटल्यावर ‘आप की जय’ म्हणायचे. ज्या भिल्लाला अख्ख्या बाजारपेठेत ‘ए’ आणि ‘तू’ यांपलीकडे संबोधन मिळत नव्हते, त्याने आपल्या भावाला आप म्हणायचे! सोमवारी मोरवडला लोटणाऱ्या गर्दीच्या मुळाशी भक्तीइतकीच ही गोष्टही असावी. महाराज 1938 सालीच वारले. त्यांच्यामागे बंधू रामदास महाराजांनी चळवळ पुढे नेली आणि सरकारने त्यांना जिल्ह्याबाहेर काढले. पण लोक जमायचे थांबले नाहीत. रावलापाणीला गोळ्या सुटल्या त्या रामदास महाराजांच्या मागे उभ्या असलेल्या याच लोकांवर.

इथे एक अडचण सांगितली पाहिजे, कारण गौरवग्रंथांत ती गाळली जाते. आप धर्माचा आग्रह ज्या शुद्धतेवर होता, ती बरीचशी वरच्या जातींच्या घरातली होती. मोहाची धार हा सातपुड्यातल्या पूजेचा भाग. ती सोडणे म्हणजे दुकानदाराच्या बाटलीबरोबर आपल्या देवाचा वाटाही सोडणे. सगळ्यांना ते पटणार नव्हते, पटलेही नाही. दारू सोडलेला चांगला आणि पिणारा वाईट, अशी विभागणी वस्तीत शिरली की ज्या एकीतून शपथ आली, तीच उसवू लागते. आणखी एक उणीव मला जास्त खटकते. शपथ घेणारे बहुतेक पुरुष होते आणि मोडणारेही तेच. मार खाणाऱ्या बाईच्या हाती त्या शपथेने काहीच दिले नव्हते.

ते तिने घेतले शहाद्यात, तीसेक वर्षांनी.

शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला 1 जुलै 1998 ला. 1970 च्या आसपास दुष्काळाची चाहूल लागलेली, बागायतदारांच्या शेतात वर्षाच्या बोलीवर राबणारे सालदार कर्जात बुडालेले. मे 1971 मध्ये पाटीलवाडीला धान्य मागायला गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. मग अंबरसिंग सुरतवंती पुढे आले. हे भिल्ल समाजातले, भजनातून लोकांत वावरलेले. लोक त्यांनाही महाराजच म्हणत. मोरवडच्या परंपरेशी सांधा जुळतो तो इथे. सर्वोदयाच्या कार्यकर्त्यांबरोबर त्यांनी ग्राम स्वराज्य समिती उभी केली, 30 जानेवारी 1972 ला शहाद्यात भू-मुक्ती परिषद भरली आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. कुमार शिराळकरांसारखे शहरातून आलेले शिकलेले तरुण आणि वाहरू सोनवणे यांच्यासारखे इथल्याच मातीतले कार्यकर्ते तिच्यात एकत्र आले. गहाण पडलेल्या आणि फसवून घेतलेल्या जमिनी, सालदारांचा पगार, रोजगार हमीची कामे, हे तिचे विषय. दारू त्यांच्या यादीत वरती नव्हती.

ती वर आणली बायकांनी. शिबिरात बोलायची पाळी आली तेव्हा त्या आधी मजुरीवर बोलल्या आणि मग नवऱ्याच्या मारावर. मजुरी वाढवून मिळवली तरी ती गुत्त्यात जाणार असेल, तर मोर्च्यात चालायचे कशासाठी, असा सरळ हिशेब. शिबिरातूनच एकीच्या गावाला सगळ्याजणी निघाल्या आणि दारूचे माठ फोडून आल्या. मग ते गावोगाव होऊ लागले. मारणाऱ्या नवऱ्याच्या दारात पन्नासजणी जाऊन उभ्या राहत, त्याला चारचौघांत माफी मागायला लावत. घरातली गोष्ट घरात राहू द्या, म्हणणाऱ्या पुरुष कार्यकर्त्यांची यात चांगलीच पंचाईत झाली असणार. ही भाषा शुद्धतेची नव्हती. पिणे पाप आहे, असे त्यांनी म्हटले नाही. पिऊन मारणे आणि पोरांच्या तोंडचे पिणे चालणार नाही, असे म्हटले. देवाला पडणाऱ्या धारेशी त्यांचे भांडणच नव्हते. मोरवडला जे जमले नव्हते ते या हिशेबाने जमवले, असे मला वाटते.

मोठ्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षणाच्या नावाखाली आपली माणसे उभी केली, संघर्ष चिघळला, अंबरसिंग 1974 साली ऐन उमेदीत गेले आणि पुढच्या वर्षी आणीबाणी आली. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा 1974 चा. तो येण्यामागे शहाद्याचा रेटा होताच. दारूच्या बाबतीत असे कागदावर काही उतरले नाही. माठ फोडले, पुन्हा भरले, पुन्हा फोडले.

शेजारच्या साक्री तालुक्यात बारीपाड्याने नव्वदच्या दशकात हीच गोष्ट वेगळ्या अंगाने केली. चैत्राम पवारांच्या पुढाकाराने गावाने सुमारे 1100 एकर जंगल राखले. झाड तोडणाऱ्याला दंड गावच करी, आणि दारूबंदीही गावच पाळून घेई. 2025 साली पवारांना पद्मश्री मिळाली. बारीपाड्याचे नाव आता सगळे घेतात, पण तिथवर पोचायला लागलेला वेळ बातमीत मावत नाही.

आज राज्याने गावाच्या हाती एक अधिकृत हत्यार दिले आहे: बाटलीचे मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. बायका मत देतात. नियम असा की गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले पाहिजे. मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण नावांपैकी. म्हणजे जी आलीच नाही तिचे मत आपोआप उभ्या बाटलीला. आणि नंदुरबारमधून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत जातात. गुजरातेत दारूबंदी, म्हणून नवापूर-अक्कलकुव्याच्या सीमेवर चोरट्या बाटल्यांचा धंदा. तिकडे बाटली चालली आणि तिकडेच ती आडवी करू शकणारी बाईही कोयता घेऊन चालली. यादीत तिचे नाव आहे, गावात ती नाही.

नियम बदलायला मुंबई गाठावी लागेल आणि त्याला वेळ लागेल. तारीख मात्र इथेच बदलता येते. अक्कलकुव्याजवळच्या काठी गावच्या होळीला सातपुडा लोटतो, कामाला गेलेला माणूसही त्या आठवड्यात घरी येतो. बाटलीचे मतदान मागणाऱ्या गावांनी अर्ज करतानाच होळीच्या आसपासची तारीख मागावी, आणि ती मिळेपर्यंत अर्जावरून हलू नये.