भामरागडच्या उन्हात चेहऱ्याचा फोटो

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. उन्हाळ्यात तिथली वाळू अशी चकाकते की माणसाचा चेहरा फोटोत काळवंडतो, कारण कॅमेऱ्याचा मीटर सगळं दृश्य मध्यम करड्या छटेकडे ओढतो. म्हणून स्पॉट मीटरिंग, म्हणजे फक्त एका छोट्या ठिपक्याचा उजेड मोजणं, थेट चेहऱ्यावर घ्या. सावळ्या त्वचेला मात्र तोच मीटर जास्त उजेड देतो; एक्स्पोजर अर्धा-एक स्टॉप कमी करा. सावळा रंग सावळाच दिसायला हवा, हा माझा आग्रह! इथल्या माडिया आदिवासी आजींचं गोंदण टिपायचं तर आधी त्यांना विचारा.

भर दुपारी माणसाला झाडाच्या सावलीच्या कडेला बसवा, तोंड मोकळ्या आभाळाकडे. डोळे चौकटीच्या वरच्या एक-तृतीयांश भागात ठेवा. नदीच्या पलीकडच्या काठाची रेघ मानेतून जात असेल तर कॅमेरा छातीच्या उंचीवर आणा, ती खाली सरकते.