काट्यावरचे वजन आणि पेशीतली जनुके

शाळेत आरोग्य तपासणी सुरू झाली आणि वजनकाट्यावर उभे राहायची पाळी आली, की वर्गात कुजबुज सुरू होते. कुणी 'काडीपैलवान' ठरतो, कुणी 'भोपळा'. सातवीतली एखादी मुलगी शेजारच्या बाकावरच्या मुलापेक्षा चार किलोंनी जड भरते आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यातली एक भाकरी कमी करते. तिचे खरेच काही चुकले आहे का? उत्तर शोधण्यासाठी आधी सोलापूरच्या शेतात जाऊ या.

बी तेच, जमीन वेगळी

सोलापूर जिल्हा ज्वारीचा. 'मालदांडी ३५-१' हे नामांकित वाण याच जिल्ह्यात, मोहोळला, स्थानिक मालदांडीतून निवडले गेले. ते मंगळवेढ्याच्या खोल काळ्या जमिनीत पेरा आणि माळावरच्या मुरमाड जमिनीतही पेरा. कणसे सारखी भरणार नाहीत, हे तुम्हीही सांगाल. आता एक पायरी पुढे जाऊ. समजा, दोन निरनिराळी वाणे घेतली. मुरमाड जमिनीत दोन्ही जेमतेमच येतील. पण ओल धरणाऱ्या काळ्या जमिनीत एक वाण दुसऱ्याच्या बरेच पुढे जाऊ शकेल. म्हणजे वाणांतला फरक किती दिसणार, हे जमिनीवरही अवलंबून असते.

आपली जनुके हे वाण समजा, आणि शरीर मुलाचे की मुलीचे, ही जमीन.

काटा काय मोजतो?

काटा हाडे, स्नायू, पाणी आणि मेद यांची केवळ बेरीज सांगतो. ही बेरीज मुलगे व मुली यांच्यात वेगवेगळ्या रीतीने होते. मुलींची झपाट्याने होणारी वाढ मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षे आधी सुरू होते. म्हणून अकरा-बारा वर्षांच्या वयात कितीतरी मुली मुलांपेक्षा उंच आणि जड असतात. पुढे मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्नायू वाढवते, तर मुलींमध्ये इस्ट्रोजेनमुळे मांड्या व नितंबांवर मेद साठतो. हा निसर्गाचा क्रम आहे.

जनुकांचा वाटा

सोळाव्या गुणसूत्रावर 'एफटीओ' नावाचे एक जनुक आहे. २००७ साली युरोपातील लोकांच्या अभ्यासात असे दिसले, की या जनुकातील एका विशिष्ट बदलाच्या दोन्ही प्रती असणाऱ्या प्रौढांचे वजन, एकही प्रत नसणाऱ्यांपेक्षा सरासरीने सुमारे ३ किलोंनी अधिक असते. २००९ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बदलाचा भारतीयांमधील मधुमेहाशीही संबंध दाखवला.

अशी एक-दोन नव्हे, शेकडो जनुकीय स्थाने वजनावर थोडाथोडा परिणाम करतात. त्यांतली काही स्त्री-पुरुषांत सारखी वागत नाहीत. कंबर व नितंब यांच्या घेरांच्या प्रमाणाशी निगडित १४ स्थाने २०१० साली जाहीर झाली. त्यांपैकी ७ स्थानांचा परिणाम स्त्रियांमध्ये ठळकपणे अधिक होता. आपली दोन वाणे आणि दोन जमिनी आठवल्या ना?

यामागे केवळ संप्रेरके आहेत का? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या जननग्रंथी काढून टाकल्या. त्या संप्रेरकांचा प्रभाव गेल्यावरही, दोन एक्स गुणसूत्रे असलेल्या उंदरांत एकच एक्स असलेल्यांपेक्षा मेद अधिक साठला. कधी कधी तर दुपटीपर्यंत! तेव्हा गुणसूत्रांचा स्वतःचाही हात आहे.

हलके बाळ, तरी मेद

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. याज्ञिक यांच्या गटाने गरोदर माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळे स्नायूंनी बारीक होती, पण त्यांच्या त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने फारसा कमी नव्हता. यात मातेच्या आहाराचाही वाटा असतो. हलके म्हणजे निरोगी आणि जड म्हणजे आळशी, असा हिशेब मांडणे किती चुकीचे आहे, हे यावरून कळते.

मग सारे जन्मतःच ठरलेले?

मुळीच नाही. चांगल्या वाणालाही मशागत लागते. सुमारे २ लाख १८ हजार प्रौढांच्या २०११ मधील पाहणीत, अंगमेहनत व व्यायाम करणाऱ्यांत एफटीओचा लठ्ठपणावरील परिणाम जवळजवळ एक-चतुर्थांशाने कमी आढळला. म्हणून त्या मुलीने भाकरी कमी करू नये. भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी पोटभर खावी आणि संध्याकाळी मैदानावर मनसोक्त खेळावे.

करून पहा

शिक्षकांच्या मदतीने वर्गातील सर्वांची उंची व वजन नावे न लिहिता नोंदवा. मुलगे आणि मुली यांचे दोन वेगळे आलेख काढा. दर सहा महिन्यांनी, दहावीपर्यंत, असेच आलेख काढत राहा. कोणता आलेख आधी वर चढतो आणि दुसरा त्याला केव्हा गाठतो? हे पाहिलेत, की कुणाला 'भोपळा' म्हणताना तुमची जीभ आपोआप अडखळेल.