दाढेपासून डोळ्यापर्यंत

कोरोनातून उठून घरी आलेल्या माणसाची वरची दाढ ठणकू लागते. गालाला मुंग्या येतात, एक नाकपुडी चोंदते. मेडिकलमधून गोळी आणून दोन दिवस निभावून नेले जातात. मग एका सकाळी पापणी उघडतच नाही. बोटाने वर केली तरी त्या डोळ्याला दिसत नाही. २०२१च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे ‘काळ्या बुरशी’चे, कितीतरी पेशंट याच वाटेने दवाखान्यात पोचले.

बिघाड मुळात डोळ्यात नव्हताच. ही बुरशी मातीत, शेणखतात, कुजक्या पाल्यात असते. वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्यासारख्या सोयाबीन-तुरीच्या तालुक्यात तिचे बीजाणू कोणाच्या नाकात जात नसतील? पांढऱ्या पेशी त्यांचा परस्पर निकाल लावतात. साखर बेसुमार वाढली की मात्र या पेशी ढेपाळतात. त्यात कोरोनावर दिलेल्या, साखर वाढवणाऱ्या स्टेरॉइड्सची भर पडली. ऑक्सिजन लागलेल्यांना त्यांनी वाचवलं हे खरं, पण गरज नसलेल्यांनाही ती दिली गेली आणि साखर तपासायचं राहून गेलं.

नाकाशेजारच्या सायनसमध्ये रुजलेली बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, गुठळ्या करते. पुढचा भाग रक्ताविना मरून काळा पडतो. सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये कागदासारखं पातळ हाड असतं. ते ओलांडून तिने नेत्रपटलाची धमनी बंद केली, की काही तासांत दृष्टी जाते आणि ती बहुधा परत येत नाही.

नाकात दुर्बीण घालून काळी खपली दिसली, तिचा कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की रुंद, जवळपास काटकोनात फाटे फुटलेले धागे दिसतात. अडचण होती ही तपासणी होते तिथवर पोचण्याची. तेव्हा वाशीम जिल्ह्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. मानोरेकरांना अकोला किंवा यवतमाळ गाठावं लागे.

या बुरशीवरच्या ॲम्फोटेरिसिन-बी इंजेक्शनचा तर खडखडाटच होता. मेअखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने ते बनवायला घेतलं. सात हजारांच्या आसपास जाणारं इंजेक्शन १२०० रुपयांत देण्याचं जाहीर झालं. पण नुसत्या औषधाने भागत नाही. मेलेल्या भागात रक्तच नाही, तर औषध पोचणार कसं? तो भाग खरवडून काढावा लागतो; कधी जबडा, कधी अख्खा डोळा. आधीच दिसत नाही, मग काढायचा कशाला, हा नातेवाइकांचा प्रश्न. मागे मेंदू आहे, हे त्याचं उत्तर.

कोरोनाच्या आधीही ही बुरशी मधुमेहींना गाठत होती, आजही गाठते. साखर वाढलेल्या माणसाचा एकाच बाजूचा गाल बधिर झाला, नाकातून काळपट स्राव आला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावं. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.