रॉ फाइलीचे संस्करण

विलायतेहून कॅमेरा आणून दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली जो उद्योग मांडला, त्यात कोऱ्या फिल्मला कडेची छिद्रे पाडण्यापासून ती रसायनांत धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाईंनी घरीच केली. आणि चित्राचे निम्मे काम कॅमेऱ्याबाहेर होते, ही गोष्ट त्या घराला जितकी ठाऊक होती तितकी ती, बटण दाबताच पडद्यावर चित्र पाहणाऱ्या आपणांस राहिलेली नाही. त्याच विस्मृत कामाचे आजचे रूप म्हणजे रॉ फाइलीचे संस्करण.

आधी फिल्मची जुनी रीत पाहू. फिल्मचा रोल काळोखात केवळ बोटांच्या अंदाजाने चक्रीवर चढवून डबीत बंद करावा, डेव्हलपर वीस अंश सेल्सिअसवर आणावा (वैशाखात त्यासाठी भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवण्यावाचून गत्यंतर नसे) आणि ठरल्या अंतराने डबी हलवीत राहावे, म्हणजे प्रकाश लागलेल्या कणांचीच काळी चांदी होते. मग सौम्य आम्लाने ती क्रिया थांबवायची, हायपोने उरलेले कण विरघळवायचे आणि फिल्म वाहत्या पाण्यात धुवायची. वेळ किंवा उष्णता जरा वाढली की छायाप्रकाशातील अंतर तीव्र होई, आणि त्या निकालावर अपील नसे.

रॉ फाइलीत, म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदकाने (सेन्सरने) केलेल्या कच्च्या नोंदीत, चांदी नाही, केवळ प्रकाशाचे मोजमाप आहे. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटाप्रमाणे संवेदकाच्या दर चार घरांपैकी दोहोंवर हिरवी, एकावर तांबडी व एकावर निळी रंगगाळणी असते. म्हणजे प्रत्येक घर एकच रंग मोजते आणि उरलेले दोन शेजाऱ्यांच्या दाखल्यावरून गणिताने भरावे लागतात. ही मोजमापे आहेत तशी पडद्यावर मांडली तर चित्र काळपट व हिरवट दिसते. चौदा बिटांच्या फाइलीत प्रत्येक घराला १६,३८४ पायऱ्यांची मुभा असते, कॅमेरा स्वतःच तयार करून देतो त्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला अवघ्या २५६. त्यांपैकी कोणत्या राखायच्या हे कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडणे म्हणजे आपला अधिकार आपणच दुसऱ्याच्या हवाली करणे होय.

संस्करण कितीही वेळा फिरवता येते, म्हणून टिपण्यातील शिस्त मात्र सैल होत नाही. ती उलट बाजूस वळते. भर उन्हातल्या वारकऱ्याचे पांढरे धोतर निगेटिव्हवर कितीही दाट उतरले तरी छापताना त्या भागास जास्त प्रकाश देऊन चुण्या बहुधा परत आणता येत, पण छायेत जे उमटलेच नाही ते गेलेच. संवेदकाची घरे एकदा काठोकाठ भरली की त्याच चुण्या कोणत्याही सॉफ्टवेअरला सापडत नाहीत, छायेतून मात्र पुष्कळ काही वर काढता येते. फिल्मवर हात बसलेल्या माणसाने छायेला धरून प्रकाश मोजण्याची सवय मोडलीच पाहिजे.

वाचकांना माझी एवढीच विनंती, की जेपेग तयार झाले म्हणून मूळ रॉ फाइल पुसू नये. तिच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात, कारण त्याच आकड्यांतून उद्याचे सॉफ्टवेअर आजच्यापेक्षा चांगले चित्र काढू शकते.