आधी चव, मग भाव



विषय वाइनचा आहे, पण पान उलटू नका. दारूपायी मोडलेले संसार आपण जवळून पाहिलेत. वाइन ही पण दारूच, ती प्या असं सांगायला हा लेख नाही. पण डोंगरावरचं एक गाव आपला माल पाहुण्यांना चाखायला देऊन नाव कसं कमावतं आणि ते नाव कसं जपतं, हे आपल्या गटांनी समजून घेण्यासारखं आहे.

गाव मोन्तेपुल्चानो. इटलीतल्या तोस्काना भागात, सुमारे ६०० मीटर उंचीवर. समजा, तुम्ही एक दिवस तिथे गेलात. वेशीतून आत शिरलं की मुख्य रस्ता चढाचाच. धापा टाकत वर पोचलं की मोठा चौक आणि नगरपालिकेची जुनी दगडी इमारत. तिच्या मनोऱ्यावरून दूरवर द्राक्षमळे दिसतात. समोरच्या चर्चचा दर्शनी भाग तर बांधल्यापासून अर्धवटच आहे, तरी पाहुणे तो कौतुकाने बघतात!

रस्त्यावरच्या काही दुकानांतून पायऱ्या उतरून तळघरात जाता येतं. तिथे वाइनची भलीमोठी लाकडी पिंपं. चाखायला ग्लासात दोन-चार घोटच मिळतात. आधी रंग बघायचा, ग्लास हलवून वास घ्यायचा, मग घोट. हलकी आधी, जड नंतर. जाणकार तर चव घेऊन घोट भांड्यात थुंकतात, म्हणजे डोकं ताळ्यावर राहतं. सोबत पाव आणि जवळच्या पिएन्झा गावचं मेंढीच्या दुधाचं चीज. दुपारी जेवायला 'पिची', म्हणजे हाताने वळलेल्या जाड शेवयाच. संध्याकाळी गावाखालचं सोळाव्या शतकातलं सान बियाजो चर्च बघायचं.

आता मुद्द्याची गोष्ट. इथल्या 'व्हिनो नोबिले' वाइनला ते नाव लावायचं तर द्राक्षं याच गावच्या हद्दीतली हवीत, त्यात निदान ७० टक्के सांजोव्हेजे जातीची, आणि वाइन किमान दोन वर्षं मुरलेली हवी. १९८० पासून तिला इटलीतला सर्वात वरचा दर्जा आहे. बाटलीच्या गळ्याशी क्रमांक असलेली सरकारी पट्टी असते. लहान शेतकऱ्यांनाही वाट आहे: १९३७ साली स्थापन झालेली सहकारी वाइनरी आजही चालू आहे.

आपल्याकडे कोल्हापूरचा गूळ, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं कोकम यांना असंच भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकन नसलं तरी नियम आपण आपले करू शकतो. एका गटाच्या चटणीत भेसळ निघाली, तर गिऱ्हाईक सगळ्याच गटांच्या स्टॉलकडे पाठ फिरवतं.

म्हणून पुढच्या प्रदर्शनात एवढं करून बघा:

१. चटणी-लोणचं आधी चाखायला द्या. सौम्य आधी, तिखट नंतर, मध्ये भाकरीचा तुकडा.

२. माल कुणी केला, मिरची कुठली, कधी कुटली, हे दोन वाक्यांत सांगा.

३. भाव शेवटी सांगा, आणि ठामपणे सांगा.

आणि येत्या मासिक बैठकीत एका मालाचे तीन नियम ठरवून इतिवृत्तात लिहा. काय लिहायचं, काय वापरायचं नाही, किती दिवस टिकतं, हे सगळ्यांनी मिळून ठरवा. नियम मोडला तर तो माल आपल्या नावाने विकायचा नाही, मग तो अध्यक्षताईंच्या घरचा का असेना.