खोका घरी आला, पण...

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. पेडण्याजवळ राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा सकाळीच फोन आला. "भाई, कॉलेजला जाण्याआधी जरा येऊन जा. ग्राइंडर मोडका आलाय आणि ते लोक परत घेत नाहीत म्हणतात."

ही बहीण पहाटे चारला उठून पीठ वाटते आणि दोन हॉटेलांना इडल्या पुरवते. श्रावणात मासळी बंद, त्यामुळे तिच्या इडल्यांना मागणी वाढते. पाठोपाठ चवथ आली की नेवऱ्या-लाडवांच्या ऑर्डरी. या हंगामाच्या भरवशावर तिने साठवलेल्या पैशांतून सात हजारांचा ग्राइंडर मोबाईलवरून मागवला होता. खोका आला तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून तो आठ दिवस कोपऱ्यातच राहिला. उघडून पाहते तर दगडाला चीर, आणि चालू केल्यावर पाणी झिरपून थेट मोटारीत.

कंपनीचे उत्तर तीन ओळींचे होते. परत करण्याची सात दिवसांची मुदत संपली. खोका उघडतानाचा व्हिडिओ तुम्ही काढलेला नाही. शिवाय हे यंत्र तुम्ही व्यवसायासाठी घेतले आहे, सबब तुम्ही ग्राहकच नाही.

तिसरी ओळ वाचून बहीण रडकुंडीला आली. "मी इडल्या विकते हे त्यांना मीच सांगितलं. खरं बोलले ही चूक झाली का?"

खरे सांगायचे तर या तीनही ओळी कायद्यापुढे टिकणाऱ्या नाहीत. पण समोर छापील इंग्रजी आले की आपण मान तुकवतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हीच बहीण नारळ कानाशी हलवून घेते आणि मिरचीच्या ढिगातली एक मोडून पाहते. तिथे दुकानदार ओळखीचा असतो, आणि वस्तू बिघडली तर पुढच्या शुक्रवारी त्याच्यासमोर नेऊन आपटता येते. मोबाईलवरच्या दुकानाला ना दार, ना गल्ला. भांडायचे कोणाशी, हाच पहिला प्रश्न.

त्याचे उत्तर आता कायद्याने दिले आहे. 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन 2019 चा नवा कायदा आला आणि तो जुलै 2020 मध्ये लागू झाला. त्याच महिन्यात ई-कॉमर्ससाठी वेगळे नियमही निघाले. त्यांनुसार अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव, संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात, असे बंधन आहे. सदोष, बनावट किंवा जाहिरातीत दाखवली तशी नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. ठरल्यापेक्षा उशिरा आलेल्या वस्तूलाही हेच लागू.

आता त्या तीन ओळी. सात दिवसांची मुदत कंपनीने स्वतः आखलेली असते. मन बदलले, रंग आवडला नाही, अशांसाठी ती ठीक आहे. पण वस्तूच सदोष निघाली तर ती मुदत दाखवून ग्राहकाचा हक्क संपत नाही. आयोगाकडे तक्रार करायला तर कारण घडल्यापासून दोन वर्षे असतात. व्हिडिओची अट कायद्यात कुठेही नाही. काढला तर पुरावा म्हणून फार उपयोगी, हे मात्र खरे. माझ्या घरी आता मुलगा मोबाईल धरतो आणि मी सुरी चालवतो. शेजाऱ्यांना वाटते, वाढदिवस आहे!

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. व्यापारी कामासाठी वस्तू घेणारा माणूस कायद्याने ग्राहक ठरत नाही, हे बरोबर. पण त्याच कलमाला स्पष्टीकरण जोडलेले आहे. केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू 'व्यापारी' कामात धरत नाहीत. शिलाई यंत्र घेणारी डिचोलीची बाई, छपाईयंत्र घेणारा साखळीचा तरुण आणि आमची इडलीवाली, हे सगळे ग्राहकच. हे स्पष्टीकरण कंपनीच्या वकिलाला ठाऊक असते. आपल्याला नसते, एवढाच फरक.

आपल्या सीमाभागाला उपयोगी पडेल अशी एक सोय नव्या कायद्यात झाली आहे. पूर्वी सामनेवाल्याचे कार्यालय जिथे किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले तिथे तक्रार न्यावी लागे, आणि बंगळूरच्या कंपनीशी भांडताना त्यावरच पहिला वाद होई. आता ग्राहक जिथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे पेडणे, डिचोलीच्या माणसाला पर्वरीचा उत्तर गोवा आयोग. सातार्डे, बांदा इथल्यांना सिंधुदुर्गाचा. आणि सातार्ड्याहून रोज मोपा किंवा तुयेला कामाला येणाऱ्यांना दोन्ही दारे उघडी. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लागतोच असे नाही. तक्रार संगणकावरून दाखल होते आणि सुनावणी दृक्-श्राव्य पद्धतीने मागता येते. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिले आहेत. हे आकडे मात्र घड्याळासारखे धरून बसू नयेत.

"आम्ही फक्त जागा देतो, माल दुसऱ्याचा" हे उत्तरही अनेकदा मिळते. 2022 च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ते मानले नाही. सक्तीच्या मानकांत न बसणारे 2,265 प्रेशर कुकर ॲमेझॉनवरून विकले गेले होते. ते परत मागवून ग्राहकांचे पैसे द्यावेत आणि एक लाख दंड भरावा, असा तो आदेश होता. या विक्रीतून कंपनीने सहा लाख चौदा हजारांहून अधिक कमिशन घेतले होते. नफ्यात वाटा तर जबाबदारीतही वाटा, असा प्राधिकरणाचा सरळ हिशेब. कंपनीने पुढे दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, तो भाग वेगळा. कुकर फुटला तर स्वयंपाकघरात कोण उभे असते, हे गृहिणींना सांगायला नको.

बहिणीच्या ग्राइंडरचे आम्ही काय केले? खोका, त्यावरचा पत्त्याचा कागद, बिल, चिरेचे फोटो आणि कंपनीची तीन ओळींची उत्तरे एकत्र ठेवली. विक्रीच्या पानाचेही चित्र घेतले, कारण ही पाने रातोरात बदलतात. तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल लिहिली आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे मराठीतही बोलता येते. हेल्पलाइन हे न्यायालय नव्हे, ती कंपनीशी बोलून मार्ग काढते. मध्येच एका अनोळखी माणसाचा फोन आला, "पैसे परत करतो, ओटीपी सांगा." बहिणीने भाबडेपणाने मोबाईल माझ्याकडे दिला, म्हणून वाचलो. कंपनीचा क्रमांक गुगलवर शोधणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. फसलात तर ताबडतोब 1930 फिरवावा.

एकोणिसाव्या दिवशी सात हजार रुपये परत आले. तोवर चवथ होऊन गेली होती. त्या दिवसांत ती नणंदेच्या घरी जाऊन पीठ वाटत होती आणि नेवऱ्यांच्या दोन मोठ्या ऑर्डरी तिने सोडून दिल्या होत्या. मी म्हटले, या नुकसानीची भरपाई मागता येते, आयोगाकडे जाऊ. ती म्हणाली, "पर्वरीला मी गेले तर इडल्या कोण करणार, भाई?" संगणकावरून करू, मी बसतो, असेही सांगितले. तिने हसून विषय बदलला.

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघे म्हापशाला गेलो. दुकानदाराने ग्राइंडर टेबलावर ठेवला, वायर जोडली आणि पाणी ओतून पाच मिनिटे चालवून दाखवला. बहीण खाली वाकून भांड्याच्या बुडाला हात लावून बघत होती.